टेप उडण्याआधी



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर पोरांना यंत्र उघडायला आणि पुन्हा जसेच्या तसे जोडायला शिकवले. म्हणून यंदाच्या व्याख्यानासाठी मी एका मोटरसायकलस्वाराचा विषय घेतला आहे. त्याचे नाव आयव्हन मॉजर. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात ४ ऑक्टोबर १९३९ रोजी तो जन्मला आणि १६ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला त्याने देह ठेवला. स्पीडवेचे वैयक्तिक विश्वविजेतेपद त्याने सहा वेळा मिळवले, लाँगट्रॅकचे तीन वेळा. जोडीची आणि सांघिक विजेतेपदे धरली तर एकूण पंधरा. आपल्याकडे क्रिकेटच्या तिसऱ्या फळीतला खेळाडूही लोकांना ठाऊक असतो, पण हे नाव या सभागृहात पुष्कळांच्या कानांवर आज पहिल्यांदाच पडत असेल. त्यामुळे आधी खेळाची ओळख करून देतो.

स्पीडवेची गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची. ती पेट्रोलवर नाही, मिथेनॉलवर चालते. गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाहीत, ना पुढे ना मागे. लंबवर्तुळाकार मातीच्या ट्रॅकवर चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात आणि मिनिटाभरात सगळे आटोपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याच्या वाट्याला काही नाही. वळणावर गाडी आडवी घालतात. मागचे चाक मातीत गरगरत बाहेर सरकते, वळण डावीकडे असले तरी हँडल उजवीकडे धरलेले असते आणि डाव्या बुटाला बांधलेला पोलादी तळ जमिनीवर घासत जातो. इथे घाबरून गॅस सोडला तर मागचे चाक माती पकडते, गाडी सरळ होते आणि स्वाराला घेऊन थेट कुंपणाकडे निघते. जे आपल्याला वेडेपणाचे वाटते तेच इथे सुरक्षित. नवशिक्याच्या अंगी ही गोष्ट बाणायला फार वेळ लागतो, काहींच्या कधीच बाणत नाही.

या खेळाला वळण लागले ते ऑस्ट्रेलियात, १९२३ साली मेटलंड गावच्या शेतकी प्रदर्शनात. ते घडवून आणणारा जॉनी हॉस्किन्स मूळचा न्यूझीलंडचाच. १९२८ साली लंडनजवळच्या हाय बीच इथे शर्यत झाली, त्यानंतर इंग्लंडमध्ये या खेळाने मूळ धरले, आणि १९३६ साली वेम्ब्लीला पहिली जागतिक अंतिम फेरी झाली. त्या अंतिम फेरीची रीत पुढे अनेक दशके टिकली, मॉजरची सारी कारकीर्द त्याच रीतीत गेली, म्हणून ती नीट सांगतो. सोळा स्वार, वीस शर्यती, ज्यांना तिकडे हीट म्हणतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाच हीट, आणि त्या पाचांत उरलेल्या पंधराही जणांशी एकेकदा गाठ. पाचही जिंकल्या तर पंधरा गुण. म्हणजे वसंतापासून एकेक पात्रता फेरी पार करत आलेल्या माणसाचे वर्षभराचे भवितव्य एका संध्याकाळी, गाडीवरच्या अवघ्या पाच मिनिटांत ठरायचे. साखळी तुटली, प्लग भिजला, वळणावर कोणी धक्का दिला, की पुढचे वर्ष.

अशा खेळात साहसी माणसे खोऱ्याने सापडतात. मॉजरपेक्षा जास्त बेधडक, प्रेक्षकांना जास्त प्रिय असलेले स्वार त्याच्या काळात होते आणि नंतरही झाले. माझे म्हणणे एवढेच आहे, की या जिवावरच्या खेळाला त्याने कारागिराच्या शिस्तीत आणून बसवले. शर्यत सुरू करणारी टेप उडण्याआधी जे काही करता येण्यासारखे असते ते सगळे तो करून ठेवी.

हे शहाणपण त्याला आपोआप आलेले नाही. क्राइस्टचर्चमध्ये वाढणाऱ्या पोराला स्पीडवेचे वेड लागावे असेच ते दिवस होते. तिथेच वाढलेला रॉनी मूर १९५४ साली विश्वविजेता झाला, पुढे १९५९ साली पुन्हा. त्याच शहराच्या बॅरी ब्रिग्जने १९५७, १९५८, १९६४ आणि १९६६ अशी चार विजेतेपदे घेतली. या दोघांची सहा आणि मॉजरची सहा मिळून बारा जागतिक किताब होतात. जगाच्या नकाशावर टोकाला असलेल्या एका शहराची ही पुंजी आहे.

मूर आणि ब्रिग्ज यांच्या पावलावर पाऊल टाकून मॉजर १९५७ साली इंग्लंडला पोचला. वय सतरा, लग्न नुकतेच झालेले, पत्नी रे बरोबर. विम्बल्डनच्या संघात त्याने शिरकाव केला खरा, पण मुख्य शर्यतींत संधी अधूनमधूनच मिळे. संसार चालवायला त्याच ट्रॅकवर मैदान राखण्याचे काम त्याने पत्करले. आठवड्याला हजारो लोक ज्या मातीवरच्या शर्यती पाहायला येत, ती माती सारखी करणाऱ्यांत हा पोरगा होता. दुय्यम संघांतही खेळून पाहिले. काही जमले नाही आणि नवराबायको न्यूझीलंडला परतली.

श्रोतेहो, पुष्कळांची गोष्ट इथे संपते. परदेशी जाऊन हात हलवत परत आलेल्या माणसाला घरच्या ट्रॅकवरचा नावलौकिक पुरतो. मॉजर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात खेळत राहिला, अनुभव गाठीला बांधत राहिला आणि १९६३ साली पुन्हा इंग्लंडला गेला. या वेळी न्यूकॅसलला. तो विभाग खालचा, प्रांतिक लीगचा. पण पहिल्याच मोसमात त्या लीगच्या वैयक्तिक स्पर्धेत तो अजिंक्य ठरला आणि पुढच्या वर्षी पुन्हा. १९५७ चा पोरगा आणि १९६३ चा मॉजर यांत गाडीवरच्या हिमतीचा फरक फार असेल असे मला वाटत नाही. फरक तयारीचा होता. आता तो धंदा म्हणून उतरला होता आणि धंद्यात काय काय लागते याची यादी त्याच्याकडे होती.

त्या यादीत सगळ्यात वर होते स्टार्ट. हा प्रसंग जरा जवळून पाहू.

ट्रॅकवर आडव्या ताणलेल्या पट्ट्या असतात, त्यांना टेप म्हणतात. चार स्वार हळूहळू पुढे येतात. प्रत्येक जण आपल्या जागेवर बुटाने माती उकरतो, मागच्या चाकापुरती पकड तयार करून घेतो. आधीच्या हीटमध्ये त्या जागेवरून गेलेल्या चाकाने चर पाडलेला असतो. तो बुजवायचा की त्यातच चाक बसवायचे, हे दोनतीन सेकंदांत ठरवावे लागते. मग क्लच दाबलेला, इंजिन किंचाळते आहे, वजन पुढच्या बाजूला झुकलेले, कारण क्लच सुटला की पुढचे चाक उचलले जाते आणि जास्त उचलले तर स्टार्ट गेला. नजर टेपवर. टेप सटकन वर उडते. क्लच आधी सुटला तर टेप तुटते आणि हातची हीट जाते, नंतर सुटला तर पहिल्या वळणावर दुसऱ्याच्या चाकाची माती तोंडावर घ्यावी लागते. पहिल्या वळणात जो आघाडीवर घुसतो त्याला मोकळी वाट आणि स्वच्छ हवा मिळते. मिनिटाच्या शर्यतीतले हे पहिले दोन सेकंद मॉजरच्या इतके सातत्याने त्या पिढीत क्वचितच कोणी जिंकले असतील.

आणि हे दोन सेकंद नुसत्या मनगटात नसतात. क्लचच्या चकत्या कशा बसल्या आहेत, दातेरी चाक किती दात्यांचे घातले आहे, टायर किती झिजला आहे, सगळे त्यात येते. मिथेनॉल यंत्राला थंड ठेवते खरे, पण वंगण धुऊन नेते. शर्यत संपल्यावर यंत्रात तसेच राहू दिले तर आतले धातू खाते. त्या काळात इंजिनात एरंडेलापासून केलेले वंगण घालत, त्याचा जळका गोडसर वास स्पीडवेच्या जुन्या चाहत्यांच्या नाकात अजून आहे. अशी गाडी शर्यतीनंतर उघडावी लागते, पुसावी लागते, मोजून पुन्हा जोडावी लागते. मॉजरच्या गाड्या लखलखीत असत, कपडे नेटके असत आणि एक गाडी दगा देईल तर दुसरी तितकीच तयार उभी असे. आठवड्यात दोनतीन शर्यती इंग्लंडमध्ये करून रविवारी युरोपात, असा क्रम असताना ही शिस्त टिकवायची म्हणजे खायचे काम नव्हे. काही लोक त्याला थंड डोक्याचा, हिशेबी म्हणत. मला त्यात दोष दिसत नाही. ब्रेक नसलेल्या गाडीवर हिशेबी माणसाशेजारून वळण घेणे जास्त सुखाचे असेल.

फळ १९६६ पासून दिसू लागले. त्या वर्षी अंतिम फेरीत तो चौथा आला, १९६७ साली वेम्ब्लीला तिसरा. मग १९६८ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला पंधरापैकी पंधरा गुण आणि पहिले विजेतेपद, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. १९६९ साली वेम्ब्लीला चौदा गुण. दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकावर बॅरी ब्रिग्ज होता, ज्याच्याकडे पाहत तो मोठा झाला तोच ब्रिग्ज. १९७० साली अंतिम फेरी प्रथमच पोलंडमध्ये आली, व्रोत्सवाफला. पोलंडमध्ये हा खेळ फार लोकप्रिय आहे आणि त्या दिवशी घरचे स्वार आपल्या मातीवर, आपल्या लोकांसमोर उतरले होते. मॉजरने पाचही हीट जिंकल्या. पावेल वालोशेक चौदा गुणांवर दुसरा आणि अँटोनी वोरिना तेरावर तिसरा, दोघेही पोलिश. लागोपाठ तीन वेळा विश्वविजेता होणे तोवर कोणालाच साधले नव्हते. असे झाले तर तुझी गाडी सोन्याने मढवू, असे दोन अमेरिकन चाहत्यांनी त्याला सांगून ठेवले होते. त्यांनी शब्द पाळला. सोन्याचा मुलामा दिलेली ती गाडी क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

ती गाडी जावा होती. हे नाव आपल्याकडे सांगावे लागत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघालेल्या जावा आणि पुढे येझदी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर किती होत्या, हे इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना ठाऊक आहे. पण मॉजरची जावा वेगळ्या घराण्यातली. चेकोस्लोव्हाकियात दिविशोव्ह नावाच्या गावी ईएसओ नावाचा कारखाना शर्यतीच्या गाड्या करी, तो १९६४ साली जावात विलीन झाला. आपल्या जावाचे इंजिन टू-स्ट्रोक, त्यांचे फोर-स्ट्रोक. नाव तेवढे एक.

१९७१ साली गोथेनबर्गला त्याच्या हातून किताब गेला. तो घेणारा डेन्मार्कचा ओले ओल्सन न्यूकॅसलला मॉजरच्याच हाताखाली तयार झालेला. ओल्सनने त्या दिवशी पंधराचे पंधरा गुण घेतले आणि मॉजर दुसरा आला. शिष्याकडून हरण्याची आपल्याकडे फार कौतुकाने उदाहरणे देतात, पण त्या रात्री मॉजरला आनंद झाला असेल असे मी म्हणणार नाही. हरणे त्याला आवडत नसे. मात्र शिकवणे त्याने सोडले नाही. निवृत्तीनंतरही तो तरुणांसाठी प्रशिक्षण शिबिरे घेत राहिला. ओल्सनने तीन जागतिक किताब घेतले आणि त्याच्यामागून डेन्मार्कच्या स्वारांची एक पिढीच पुढे आली.

१९७२ साली वेम्ब्लीला पुन्हा तोच अनिश्चिततेचा खेळ. ओल्सन एका हीटमध्ये पडला, बाकीच्या चार जिंकूनही बारावर अडकला. ब्रिग्जचा अपघात झाला आणि त्यात त्याला हाताचे एक बोट गमवावे लागले. मॉजर आणि स्वीडनचा बर्न्ट पेर्सन तेरा-तेरा गुणांवर बरोबरीत राहिले. निर्णायक हीट झाली, ती मॉजरने जिंकली.

त्याच वर्षी लाँगट्रॅकचाही विश्वविजेता तोच होता. लाँगट्रॅक हा स्पीडवेचा थोरला भाऊ म्हणा. ट्रॅक सुमारे हजार मीटरचा, पुष्कळदा घोड्यांच्या शर्यतींचाच, वाळूचा किंवा गवताचा. गाडी लांब बांध्याची, दोन गिअरची, मागे सस्पेन्शन असलेली. स्वारही चारांपेक्षा जास्त एकदम सुटतात. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो, आणि ब्रेक इथेही नाहीत. स्पीडवेत जे वळण एका झटक्यात संपते, ते इथे संपता संपत नाही. तेवढा सगळा वेळ गाडी आडवी धरून, पूर्ण वेगात, समोरच्याच्या चाकाने उडवलेल्या वाळूच्या माऱ्यात बसायचे. बव्हेरियाच्या गावोगावी या शर्यतींना जत्रेसारखी गर्दी होई. १९७१ साली या प्रकाराचे पहिले जागतिक विजेतेपद ऑस्लोला ठरले, ते मॉजरने घेतले. १९७२ चे जर्मनीतल्या म्युलडॉर्फला आणि १९७६ चे चेकोस्लोव्हाकियातल्या मारियान्स्के लाझ्न्येला, तीही त्याचीच. दोन्ही प्रकारांत विश्वविजेते झालेले स्वार आजही बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि एकाच वर्षात दोन्ही किताब घेणारा मॉजर पहिला. माझ्या लेखी यात विशेष असे, की स्टार्टवर ज्याची हुकमत, त्याला लाँगट्रॅकने तो फायदा पूर्ण दिला नसता. लांब सरळ रेषेवर मागचा स्वार पुढच्याच्या आडोशाने वेग घेऊन गाठतो. तिथे संयम आणि यंत्राची तब्येत लागते. मॉजरकडे दोन्ही होते.

आता १९७३ कडे येऊ, कारण मॉजरची परीक्षा मला तिथे दिसते. जागा पोलंडमधल्या होझूफचे श्लोंस्की स्टेडियम, तारीख २ सप्टेंबर. लाखाच्या घरात प्रेक्षक. वीस हीट झाल्यावर तेरा-तेरा गुणांवर दोघे बरोबरीत, मॉजर आणि येझी श्चाकियेल. श्चाकियेल चोवीस वर्षांचा, ओपोलेचा. जोडीच्या स्पर्धेत त्याने १९७१ साली पोलंडला किताब मिळवून दिला होता, पण वैयक्तिक विजेता म्हणून त्याचे नाव कोणी घेतले नव्हते. निर्णायक हीटला श्चाकियेल पुढे निघाला. मॉजरचे हुकमी शस्त्र, पहिले वळण, नेमके त्या वेळी हातून गेले. आता मागून जाऊन ओलांडणे एवढेच उरले. तो श्चाकियेलला बिलगला, जवळ गेला, चाकाला चाक लागले आणि जगातला सर्वांत काटेकोर स्वार मातीत लोळला. पोलंडला पहिला वैयक्तिक विश्वविजेता मिळाला. त्याच्या नंतर पोलंडला दुसरा मिळायला २०१० साल उजाडावे लागले.

या पडण्याकडे मी चूक म्हणून पाहत नाही. दुसरा क्रमांक त्याला सहज मिळत होता आणि तो त्याला नको होता. हिशेब करणारा माणूस जोखीम घेत नाही हा समज खोटा आहे. तो जोखीम कुठे घ्यायची ते ठरवतो.

यानंतरची वर्षे भराभर सांगतो. तो आता एक्झेटरच्या संघात होता आणि १९७४ साली त्या संघाला लीगचे विजेतेपद मिळाले. त्याआधी बेल व्ह्यूने १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली, त्या संघातही तो होता. वैयक्तिक किताब मात्र मिकानेक, ओल्सन, पीटर कॉलिन्स असे इतरांकडे गेले. मॉजर पस्तिशी ओलांडून गेला. लोकांनी त्याला मोडीत काढले.

१९७७ साली गोथेनबर्गला अंतिम फेरीच्या दिवशी धो धो पाऊस. ट्रॅकचा चिखल झालेला. चिखलात मागून येणाऱ्याच्या चष्म्यावर लगदा बसतो, पुसायला हात मोकळा नसतो, म्हणजे स्टार्टची किंमत दुप्पट होते. कॉलिन्स जखमी पाय घेऊन उतरला होता, तरी त्याने तेरा गुण केले. त्याच्या जिद्दीला मी मनापासून हात जोडतो. मॉजरने चौदा गुण घेतले. वय सदतीस, किताब पाचवा.

आणि १९७९. तारीख पुन्हा २ सप्टेंबर, ठिकाण पुन्हा होझूफ. सहा वर्षांपूर्वी जिथे पडला तेच स्टेडियम. समोर झेनोन प्लेख, जो १९७३ च्या त्याच फेरीत तिसरा आला होता आणि आता घरच्या प्रेक्षकांची सगळी आशा होता. शिवाय इंग्लंडचा मायकल ली, मॉजरच्या निम्म्या वयाचा. प्लेखने तेरा गुण केले. मॉजरने चौदा. चाळिशीला महिना उरला असताना तो सहाव्यांदा विश्वविजेता झाला. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने या सहाची बरोबरी केली ती २००५ साली.

त्याच १९७९ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटीला सांघिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. मॉजरने यापूर्वी १९६८, १९७१ आणि १९७२ चे सांघिक किताब घेतले होते, पण ते ब्रिटनच्या नावावर. तेव्हाच्या ब्रिटनच्या संघात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे स्वार घेत, कारण ते खेळत ब्रिटिश लीगमध्ये. या वेळी न्यूझीलंडचा स्वतःचा संघ उतरला होता. तीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश, आणि समोर डेन्मार्क, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड. संघात मॉजरबरोबर लॅरी रॉस, ब्रूस क्रिब आणि जेमतेम विशीतला मिच शिरा. न्यूझीलंड जिंकला. त्याच्या पंधरा किताबांत मी हा सर्वांत वर ठेवतो. वैयक्तिक किताब त्याने आपल्या गाडीची आणि आपल्या हाताची तयारी करून मिळवले होते. इथे आणखी तीन जण त्याच तयारीने टेपपाशी उभे होते.